मार्गे हाँगकाँग

शांघायला निघालो, असं नानांना मोघम सांगून भागत नाही. नाना चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "कुठल्या शांघायला?" समोरचा गांगरतो. शांघाय एकच आहे, अशी त्याची शाळेपासूनची समजूत असते. "पीव्हीजी का एसएचए?" असा नाना दुसरा दणका देतात आणि तो पुरता आडवा झाला याची खात्री पटली की मग मवाळ होतात. "म्हंजी पुडोंगला उतरणार का होंगछ्याओला? गाव एक, इमानतळ दोन. बघून जावा बाबा."

हा प्रश्न विचारला जातो कड्यात, एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर. कडा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. जिल्हा कागदावर बीड असला तरी दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि मोटारीचे सुटे भाग यासाठी माणसं नगरचा रस्ता धरतात. गावात बाजार समिती आहे, कांद्याचे लिलाव होतात, कांदा ट्रकमध्ये बसून निघून जातो. माणसंही तशीच निघून जातात. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला, बारावी झाली की पोरं पुण्याला, आयटीआय झालेली रांजणगाव-चाकणला. शांघायला रोज कुणी जातं असं नाही. पण उद्या कुणी निघालंच तर कड्याची तयारी नाही असं व्हायला नको, एवढी एका माणसानं काळजी घेतली आहे.

नाना एसटीत आधी कंडक्टर होते, मग कंट्रोलर झाले आणि कंट्रोलर म्हणूनच निवृत्त झाले. त्यामुळे गाव त्यांना कंट्रोलरनाना म्हणतं. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, वरच्या खिशाला निळं आणि लाल अशी दोन पेनं. निळं नोंदीसाठी, लाल बदलासाठी. ड्युटी संपून वर्षं लोटली, तरी सकाळी पहिल्या गाडीला नाना स्टँडवर असतातच. गाडी वेळेवर सुटली तर मान हलवतात, उशिरा सुटली तर घड्याळाकडं बघून एकदाच "हं" म्हणतात. नव्या कंट्रोलरला त्या "हं"ची वरिष्ठांच्या मेमोपेक्षा जास्त धास्ती आहे.

मात्र त्यांना आता जामखेडच्या गाडीची वेळ विचाराल तर ते सांगणार नाहीत. "आपला आता संबंध नाही, खिडकीवर विचारा," असं म्हणतात. निवृत्त माणसानं अधिकृत माहिती देऊ नये, हे त्यांचं तत्त्व आहे. चीन मात्र कुणाच्याच आगारात येत नसल्यामुळे तिथली माहिती द्यायला त्यांची ना नसते.

हे चीन प्रकरण सुरू कसं झालं, याच्या गावात चार कथा आहेत. कुणी म्हणतं पुतण्यानं मोबाइल दिला तेव्हापासून बिघडले, कुणी म्हणतं रिटायरमेंटचा फंड आला त्याच दिवशी. मला पटलेली कथा वेगळी आहे. 2020 च्या जानेवारी अखेरीस टीव्हीवर सारखं वुहान, वुहान चाललं होतं. जवळच्या वस्तीवरची एक बाई सकाळीच नानांच्या दारात आली. तिचा मुलगा चीनमध्ये डॉक्टरकी शिकत होता. महाराष्ट्रातली पुष्कळ पोरं तेव्हा तिकडं एमबीबीएसला जात. इथं खासगी कॉलेजच्या फीचा आकडा ऐकला की बाप आधी जमिनीकडं बघायचा आणि मग नकाशाकडं. बाईनं विचारलं, "नाना, वुहान कुठं आलं?"

चौकशीच्या खिडकीत उभी हयात काढलेला माणूस. गेवराईपासून गाणगापूरपर्यंत कुठलं गाव कुठं आलं, कुठं उतरायचं, तिथून वडाप मिळते का चालत जावं लागतं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा. त्या सकाळी त्याच्या तोंडून शब्द निघाले, "बघून सांगतो."

कंट्रोलरच्या खिडकीला हे वाक्य शोभत नाही, हे नानांनाच सगळ्यात आधी कळलं असणार. त्या रात्री पुतण्याच्या पोराला शेजारी बसवून त्यांनी मोबाइलवर वुहान काढलं. वुहानचा विमानतळ त्यानहं, कोड डब्ल्यूयूएच. डायरीत लिहिलेला हा पहिला कोड. सकाळी बाईच्या घरी गेले, पोराच्या कॉलेजचा कागद मागवला, चष्मा लावून वाचला. पोरगा वुहानला नव्हताच. तो हारबिनला होता. पार ईशान्येला, रशियाच्या बाजूला. वुहानपासून सरळ रेषेत सुमारे 2000 किलोमीटर. नानांनी ते अंतर तिला कळेल असं सांगितलं, "कड्याहून काश्मीरचं श्रीनगर जेवढं लांब, त्याच्याही पल्याड." बाई त्या दिवशी जेवली म्हणतात.

पुढच्या दोन दिवसांत एअर इंडियाची दोन जंबो विमानं वुहानहून सहाशेवर भारतीयांना घेऊन दिल्लीला आली. ती दोन्ही विमानं नानांनी मोबाइलच्या पडद्यावर डोळ्यांत तेल घालून उतरवली. त्यातला एकही प्रवासी बीड जिल्ह्यातला असल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. पण गाडी सुटली की पोचेपर्यंत जबाबदारी राहते, ही एसटीची शिस्त.

डायरी मी पाहिली आहे. कुठल्याशा विमा एजंटानं दिलेली, आत मागल्या सालच्या तारखा, आणि पानावर पान चीन. अक्षर छापल्यासारखं. डावीकडं कोड, मधे गाव, उजवीकडं शेरा. 'सीएएन, ग्वांगझू, मोठे स्थानक.' 'एसझेडएक्स, शेनझेन, मोबाइल इथले.' 'केएमजी, कुनमिंग, हवा थंड.' 'एलएक्सए, ल्हासा, परवाना लागतो.' डाओचेंग याडिंगपुढं लाल शाईत लिहिलंय: '4411 मीटर! कळसूबाई 1646.' हा जगातला सगळ्यात उंचावरचा नागरी विमानतळ. दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी धावपट्टीला हात पोचत नाही, हे नानांनी गणित करून शेजारी मांडलेलं आहे.

शेनयांगपुढं शेरा नाही, फक्त एक रेघ आहे. त्याचा कोड एसएचई. एकदा पाठांतराच्या भरात नानांनी तो सलग, इंग्रजी शब्दासारखा वाचला. स्वयंपाकघरातून काकू, म्हणजे नानांच्या मंडळी, पदर सावरत धावत आल्या, "काय झालं? काय पडलं?" तेव्हापासून नाना त्या गावाला अक्षरं सुटी सुटी करूनच जातात.

कोणत्याही अभ्यासकाचा एक लाडका सिद्धान्त असतो, तसा नानांचाही आहे. तो टपरीवर दर आठवड्याला मांडला जातो आणि दर आठवड्याला कुणीतरी नवा माणूस त्यात सापडतो. बीजिंगचा कोड पीईके का? बीजिंगमध्ये 'पी' कुठाय? तर पूर्वी साहेब त्याला पेकिंग म्हणायचा. ग्वांगझूचा सीएएन का? कँटन होतं म्हणून. छोंगछिंगचं सीकेजी हे चुंगकिंगवरनं, छिंगदाओचं टीएओ हे त्सिंगताओवरनं. चीननं स्पेलिंगं बदलली, पण सामानाच्या चिठ्ठीवर जुनंच नाव चिकटून राहिलं. "आपलं काय निराळंय का?" नाना विचारतात. मुंबई झाली, तिकिटावर बीओएमच. पुणे झालं, पण पीएनक्यूतला 'पी' पूनाचाच. नगरचं अहिल्यानगर झालं. पण गाडीला नंबर घ्या, एमएच-16च मिळतो. यावर कुणाला काही बोलता येत नाही, कारण बोलणाऱ्याच्या स्वतःच्या मोटरसायकलवर एमएच-23 असतं आणि तो बिचारा नकळत खाली वाकून बघतो.

त्यातही त्यांचा सगळ्यात प्रिय शोध कुर्डुवाडीचा. रेल्वेत कुर्डुवाडीचा कोड केडब्ल्यूव्ही. चीनमधल्या गुइलिनचा विमानतळ केडब्ल्यूएल आणि गुइयांगचा केडब्ल्यूई. नाना या तिघांना सख्खे भाऊ मानतात. एक रेल्वेचा कोड, दोन विमानाचे, यांचा संबंध कसा, असं गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी विचारलं. नाना म्हणाले, "गुरुजी, तुमचा एक भाऊ शिक्षण खात्यात न् एक पाटबंधाऱ्यात. म्हणून काय आडनाव बदललं?" गुरुजी चहा तसाच ठेवून गेले. ते दुसऱ्या दिवशी आले, कारण जाणार कुठं?

बाजाराच्या दिवशी नाना पिशवी घेऊन निघतात, पण भाजी काकूंनाच आणावी लागते. नाना खेळण्यांच्या ढिगाशी अडकतात. प्लास्टिकची बंदूक उलटी करायची, बूड बघायचं आणि विक्रेत्याला सांगायचं, "वायआयडब्ल्यू." विक्रेता म्हणतो, "तीस रुपये." नाना म्हणतात, "यीवू. झेजियांग प्रांत. बारीकसारीक मालाची जगातली मोठी बाजारपेठ." विक्रेता म्हणतो, "पंचवीस द्या." त्यांची ही बोलाचाली माझ्या माहितीत अजून एकदाही व्यवहारापर्यंत पोचलेली नाही.

अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरं मधूनमधून त्यांच्याकडं येतात. आधी आदरानं ऐकतात, वही काढतात, आणि मग त्यातलं एखादं विचारतंच, "नाना, हे पेपरला येतं का?" त्या पोराला नाना पुन्हा बाकावर बसू देत नाहीत.

खरी कमाल झाली ती शाळेतल्या भाषणात. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर चार शब्द बोला, असं हेडमास्तरांनी सुचवलं. चीन म्हटलं की नाना, एवढाच हिशेब. नानांनी आठ दिवस तयारी केली. फळ्यावर डावीकडं लिहिलं एसएसई, म्हणजे सोलापूर. कारण कोटणीस सोलापूरचे, जन्म 1910 चा. मग सुरुवात केली. 1938 च्या सप्टेंबरात काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून चीनला धाडलं. जपाननं चीनवर चढाई केली होती, जखमींना डॉक्टर नव्हते. अलाहाबादचे अटल पथकाचे प्रमुख, नागपूरचे चोळकर, बंगालचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. "पहिला थांबा सीएएन!" नानांनी खडू आपटला. कँटन. तिथून डब्ल्यूयूएच. ही दोन्ही शहरं त्याच ऑक्टोबरात जपानच्या हातात गेली, तोवर पथक पुढं सीकेजीला. तिथून एक्सआयवाय, म्हणजे शीआन. आणि 1939 च्या फेब्रुवारीत ईएनवाय, यानआन, जिथं माओ होते.

गुरुजी पहिल्या रांगेत होते. ते उठले. "अहो नाना, ते बोटीनं गेले, ट्रकनं गेले. विमानाचे कोड कशाला?"

नाना थांबले. पोरं श्वास रोखून बसली. "गुरुजी, बोटीनं, ट्रकनं, मिळंल त्यानं गेले म्हणूनच सांगतोय. आज ही सगळी गावं विमानानं दोन दिवसांत होतात. त्यांना पाच महिने लागले. वरनं बाँब पडत होते. पोरांना हे कळाया पायजे का नको?"

मग ते म्हणाले, शेवटचा थांबा एसजेडब्ल्यू, शिजियाझुआंग. डॉक्टर 9 डिसेंबर 1942 ला गेले, वय 32. आघाडीवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करून शरीर थकलं होतं. चिनी बायको होती, ग्वो छिंगलान, तान्हा मुलगा होता. शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे. इथं नानांनी खडू ठेवला आणि परतीचा कोड लिहिलाच नाही. पाचातले बाकीचे चौघे परत आले. ज्यांना नाना म्हणजे नुसती करमणूक वाटते, त्यांनी ते भाषण ऐकायला हवं होतं. पोरं मात्र पोरंच. पुढं महिनाभर शाळेच्या मैदानात 'सीएएन, डब्ल्यूयूएच, सीकेजी' हे पाढ्यासारखं चालू होतं आणि लंगडीत बाद झालेला 'एसजेडब्ल्यू' म्हणून बाहेर बसत होता.

एवढं सगळं ज्ञान वापरात येतं का, हा प्रश्न गावानं कधी सोडला नाही. त्याचं उत्तर मिळालं ते त्याच बाईच्या त्याच मुलामुळे. कोरोनात गावी परतलेला तो इथंच अडकला, बरीच वर्षं ऑनलाइन शिकला, आणि चीनचे दरवाजे पुन्हा उघडल्यावर परत निघाला. पुण्यातल्या कुठल्याशा एजंटानं तिकीट काढून दिलं. घरात पूजा झाली, बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ गेलं, आणि निघायच्या चार दिवस आधी पाया पडायला म्हणून पोरगा नानांकडं आला. नाना म्हणाले, "पाया राहू दे. तिकीट दाव."

मोबाइलवरचं तिकीट त्यांनी बोटानं मोठं केलं. लहान केलं. पुन्हा मोठं केलं. खिशातलं लाल पेन काढलं, आणि पडद्यावर लिहिता येत नाही हे आठवून परत ठेवलं. मुंबई ते हाँगकाँग ठीक. हाँगकाँग ते शांघाय, उतरणार एसएचए. तिथून अडीच तासांनी शांघाय ते हारबिन, निघणार पीव्हीजीहून.

"हे कुणी काढलं?"

"एजंटानं. का हो नाना?"

"लेका, माळीवाड्याला उतरायचं न् तारकपूरहून सुटणारी गाडी धरायची, असलं तिकीट काढलंय तुझं. ते पण शांघायात. ते पण पिठाची बॅग घेऊन."

नगरला एकदा तरी चुकीच्या स्टँडवर उतरलेल्या माणसाला यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही. पोराच्या बापाचा चेहरा उतरला. होंगछ्याओ शहराच्या पश्चिमेला, पुडोंग पार पूर्वेला समुद्राच्या अंगाला. मधे अख्खं शांघाय. दोन नंबरची मेट्रो दोन्हीकडं जाते खरी, पण आधी शिक्का मारून घ्या, सामान पट्ट्यावरनं उचला, मेट्रोचं तिकीट काढा. अडीच तासांत विमान काही थांबत नाही. एजंटाला फोन लागला. तो आधी म्हणाला, "शांघाय ते शांघायच आहे ना?" नानांनी फोन आपल्या हातात घेतला. पुढची पाच मिनिटं कड्याच्या त्या अंगणात एसटीच्या लाऊडस्पीकरचा जुना आवाज घुमला. तिकीट बदलून आलं. या वेळी सगळं पीव्हीजी. नानांनी खात्री करून उभं राहून घोषणा केली, "मुंबई ते हारबिन, मार्गे हाँगकाँग, पुडोंग. सुटण्याच्या तयारीत."

त्या दिवसापासून गुरुजी टपरीवर नानांसाठी जागा धरून ठेवतात.

तसे नाना सोसायला सोपे नाहीत. रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर खुर्ची टाकतात आणि वरनं जाणाऱ्या विमानाचा दिवा दिसला की मोबाइल त्याच्याकडं रोखतात. बहुतेक ते हैदराबादचं निघतं आणि नाना खट्टू होतात. क्वचित एचकेजी निघालं की शेजारच्या चार घरांची झोप जाते. 2020 पासून भारत-चीन थेट विमानं बंद होती. पाच वर्षं नानांना हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर असल्या आडवाटांवर दिवस काढावे लागले. 26 ऑक्टोबर 2025 ला कोलकात्याहून ग्वांगझूला थेट विमान सुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर नाना म्हणाले, "आज चहा माझ्याकडनं." टपरीवाल्यानं दोनदा विचारून घेतलं.

काकूंचं म्हणणं फार साधं आहे. 2022 च्या सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, कड्याला स्टेशन झालं. ज्या रेल्वेची बीड जिल्ह्यानं पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली, ती दारात आली. काकूंना एकदा त्या गाडीत बसून नगरला जायचंय, बाकी काही नको. नाना टाळतात. उघड सांगत नाहीत, पण ज्या गाडीनं एसटीची गिऱ्हाइकं नेली तिच्यात बसणं त्यांना जड जातं. शांघायच्या पुडोंगहून शहरात जाणारी, चाकांशिवाय रुळावर तरंगणारी, 430 किलोमीटरचा वेग गाठू शकणारी मॅग्लेव्ह गाडी ते रंगवून सांगतात तेव्हा काकू ज्वारी निवडता निवडता विचारतात, "ती कड्याला थांबते का?"

स्वतः नाना विमानात कधी बसलेले नाहीत. पासपोर्टही नाही. कुणाच्या तरी आग्रहावरून एकदा कागद जमवायला घेतले होते. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून, कारण त्या काळी गुरुजी शाळेत घालायला आणलेल्या निम्म्या पोरांना 1 जूनलाच जन्माला घालत. आधारवर दुसरंच काहीतरी. दोन्हींचा मेळ बसेना. नाना म्हणाले, ऱ्हाऊ द्या. "कंट्रोलर गाडीत बसत नसतो. तो गाडी सोडतो."

आणि आता तर दुकान चीनपुरतं राहिलेलं नाही. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं उडू लागली, कोड एनएमआय. म्हणजे बीजिंगला पीईके आणि पीकेएक्स, चेंगदूला सीटीयू आणि टीएफयू, तशी मुंबईलाही आता दोन नावं आणि दोन टोकं. घाईत टॅक्सीवाल्याला नुसतं "एअरपोर्ट" म्हणणारी माणसं आपल्याकडं कमी नाहीत. डायरीत नवं पान लागलंय, वर लाल शाईत 'महाराष्ट्र'.

तेव्हा आष्टी-कड्याच्या बाजूचं कुणाचं पोर, सून, जावई परदेशी निघत असेल, तर पैसे भरण्याआधी तिकीट एकदा नानांच्या डोळ्याखालनं घाला. सकाळी पहिल्या गाडीला स्टँडवर सापडतील. सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. चहा मात्र तुम्हीच सांगायचा.